तिसरं कडवं

लक्ष्मीपुरीत एक कॅसेटचं दुकान होतं आणि रविवारी सकाळी त्याचं शटर अर्धंच वर असायचं. आत आम्ही चौघं. दुकानाचे मालक निपाणीकडचे लिंगायत. फोनवर आईशी कानडीत बोलायचे आणि आमच्याशी खणखणीत कोल्हापुरीत. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. दुसरे कॉलेजात मराठी शिकवणारे सर. तिसरे इचलकरंजीचे मामा. त्यांचे स्वतःचे माग होते, आणि त्या मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे गेले होते. मामा आले की कुणी न सांगताही टेपचा आवाज वाढायचा. चौथी मी. कसबा बावड्यात राहायची, प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एक कॅसेट शोधत त्या दुकानात शिरले आणि पुढची कितीतरी वर्षं तिथंच जात राहिले.

आम्हाला ज्यानं एकत्र आणलं तो गीतकार मात्र त्या दुकानाची पायरी कधी चढला नव्हता. तो आमच्याच जिल्ह्यातला. गाणी स्वतः लिहायचा, चाली स्वतः लावायचा आणि गळा बेताचा असूनही हट्टानं स्वतःच गायचा. रेडिओनं त्याला घरोघरी नेलं. मग तो मुंबईला गेला, तिथं काही वर्षं काढली, परत आला आणि मुरगूडला मुलाकडं राहू लागला. आम्ही आपसात त्याला 'म्हातारा' म्हणायचो. त्यात अनादर नव्हता. घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं होतं ते.

चर्चा कसल्या चालायच्या, हे सांगितलं तर कुणी हसेल. रेडिओवरच्या गाण्यात बासरी आणि तबकडीवर सनई, तर खरं कुठलं? एका अंतऱ्यात तो 'वाट' म्हणतो की 'गाठ'? मामांनी रेडिओवरून भरून घेतलेल्या कॅसेटी असायच्या, त्यात गाणं संपता संपता बातम्या सुरू व्हायच्या. मामा तेही पुसायचे नाहीत. "त्यो बी गाण्याचाच भाग हाय," म्हणायचे.

सगळ्यांचं सगळ्यात लाडकं गाणं होतं ते पाण्याचं.

*सांज झाली, घागर रिती,*
*येशील का गं पाण्याला?*

कुणीतरी कुणाची तरी पाणवठ्यावर वाट बघतोय, एवढंच ते गाणं. लग्नात वाजायचं, एसटीत वाजायचं. सर त्यावर तासभर बोलू शकत. मी ते ऐकताना नेहमी गप्प बसायचे, कारण माझ्या डोक्यात त्याच चालीवर दुसरेच शब्द चालू असायचे.

आमच्या वस्तीत, विहारासमोर, जयंतीच्या आदल्या संध्याकाळी बायका गोल करून गायच्या, त्यात हे गाणं असायचंच. पण आमच्याकडं ते असं होतं:

*सांज झाली, घागर रिती,*
*चला गं साऱ्या पाण्याला.*

इथं कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. साऱ्या बायका मिळून निघाल्या होत्या, आणि कुठल्या पाण्याला निघाल्या होत्या हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्या पाण्याला शिवायची मुभा नव्हती त्या पाण्याला. मी डी.एड.ला असताना वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, "तुमच्यातल्या गाण्यांच्या चाली सगळ्या उसन्याच असतात की." तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. मलाही ते खरंच वाटलं. म्हाताऱ्याचं प्रेमाचं गाणं रेडिओवर गाजलं, ते आमच्या बायकांनी उचललं आणि शब्द बदलले, असंच मी समजून चालले होते. त्यामुळं दुकानात हा विषय मी काढला नाही. काढून सांगणार काय होते?

नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं असेल. पुण्याच्या एका कंपनीनं म्हाताऱ्याच्या जुन्या, कधी बाहेर न आलेल्या गाण्यांच्या कॅसेटी काढायला सुरुवात केली. कुणाकुणाच्या घरी पडून असलेल्या टेपा, कार्यक्रमांतली मुद्रणं, चाली बसवताना केलेले खर्डे, असं सगळं. पहिला संच आला त्या रविवारी अण्णांनी शटर अर्ध्याच्याही खाली ओढलं. मामा इचलकरंजीहून पहाटेच निघून आले होते. दुसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला खरखरीतून म्हाताऱ्याचा तरुण आवाज आला. मागं डफ होता, माणसांचा गलका होता आणि कुठंतरी एक मूल रडत होतं.

*सांज झाली, घागर रिती,*
*चला गं साऱ्या पाण्याला.*

माझ्या हातातला कप तसाच राहिला. तो गात होता, तोच गात होता आणि आमचेच शब्द गात होता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, टाळ्या पडल्या, डफ पुन्हा सुरू झाला आणि टेप तुटली. तिथं नुसतीच खरखर.

अण्णांनी कॅसेटवरचा कागद उलटसुलट केला. "ठिकाण माहीत न्हाय. साल माहीत न्हाय. असं लिवलंय. मग छापलं कशाला?"

सर विचार करून म्हणाले, "हे नंतरचं असणार. मूळ गाणं गाजल्यावर कुठल्यातरी सभेसाठी आयोजकांनी शब्द बदलून मागितले असतील. प्रसंगानुरूप. गीतकारांना असं करावंच लागतं."

"मागनं केलेलं वाटत न्हाय," अण्णा म्हणाले. "आवाज बघा की. कोवळा हाय. रेडिओवर त्यो असा कुठं लागतोय?"

"काय म्हणालासा?" मामांनी विचारलं.

मी म्हणाले, "सर, तिसरं कडवं राहिलंय."

तिघंही माझ्याकडं बघायला लागले. मी आणखी काही सांगण्याऐवजी सरळ म्हणूनच दाखवलं. दुकानात, कॅसेटींच्या खोक्यांमध्ये उभी राहून.

*आड कुणाचा, दोर कुणाचा,*
*पुसत बसू नका कुणाला.*
*ज्याची तहान, त्याचं पाणी,*
*सांगून या गं गावाला.*

मग अण्णांनी विचारलं, "बाई, तुम्ही बावड्याच्या म्हणता. बावड्यात कुठं?"

मी सांगितलं. त्यांना कळलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. अण्णांनी शटरखालून वाकून चहावाल्याला हाक मारली आणि परत येऊन जरा रागानंच म्हणाले, "मग इतकी वरसं गप का बसलासा? आम्ही इथं बासरी का सनई करत बसलोय आन् तुमच्याकडं अख्खं कडवं हाय!"

त्या दिवशी बावड्याला परत जाताना मला आनंद झाला होता की राग आला होता, हे आजही नीट सांगता येत नाही. आमची चाल उसनी नव्हती, याचा आनंद असेल. पण मग ती साऱ्या बायकांची घागर एका बाईच्या कमरेवर कशी आली? 'चला गं साऱ्या'चं 'येशील का गं' त्यानं केलं तेव्हा आमच्या बायका कुठं गेल्या? आणि ते गाणं तर मलाही आवडत होतंच. नावडतं करून टाकावं म्हटलं, तेही जमेना.

मग ठरलं, म्हाताऱ्यालाच विचारायचं. मामांची गाडी होती. कागलवरून मुरगूडला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मुलाचं खतांचं दुकान, त्याच्या मागं घर. ओसरीवर आरामखुर्चीत एक बारका माणूस बसला होता. पांढरा सदरा, डोळे मिचमिचे.

"कोण पावणं?"

अण्णांनी त्याचे पाय धरले. सरांनी दोन्ही हात जोडले. मामा एवढ्या मोठ्यानं "नमस्कार आबा!" ओरडले की आतून सूनबाई धावत बाहेर आल्या.

चहा झाल्यावर सरांनी प्रश्न मांडला. मांडणी लांबलचक होती. म्हाताऱ्यानं ती शांतपणे ऐकून घेतली.

"दोन्ही माझीच हायत की," तो म्हणाला.

"पण आधी कुठलं, आबा?"

"जुळी पोरं असली तर आदी कुठलं, असं इच्यारता व्हय?"

"इच्यारत्यात की," अण्णा म्हणाले. "पैलं तेच इच्यारत्यात."

म्हातारा हसला. "एक हितं गायलं, एक मुंबईला गायलं. मुंबईला म्हणाले, पाणी राहू द्या, भांडण तेवढं काढून टाका. काढलं. नायतर आदी मुंबईला गायलं आसंल आन् मग हितं. आता काय सांगू तुमास्नी?" मग त्याची नजर माझ्याकडं वळली. "तू कुठं ऐकलंस, बाळ?"

मी सांगितलं. "म्हण," तो म्हणाला. मी म्हटलं. तिसऱ्या कडव्याला त्याचा खुर्चीच्या हातावर पडणारा ताल थांबला.

"हे पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं.

"हे कुणाचं?"

"तुमचंच ना, आबा?"

"माझं?" त्यानं मिचमिच्या डोळ्यांनी अंगणाकडं बघितलं. एक कोंबडी पोत्याभोवती चोची मारत होती. "आसंल," तो म्हणाला. "बरं हाय. पुन्हा म्हण एकदा."

परतीच्या वाटेवर गाडीत नुसता कालवा. सर म्हणाले, वयोमानानं विसरले. अण्णा म्हणाले, त्याचं असतं तर ताल थांबला नसता.

घरी आल्यावर आत्याला विचारलं. बायकांच्या त्या गोलात पहिला आवाज तिचाच असायचा. ती तांदूळ निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "त्यानंच शिकवलं आमास्नी. विहाराच्या कट्ट्यावर बसून. तवा कट्टा मातीचा हुता."

"तिसरं कडवंसुद्धा?"

"सगळंच की."

पण शेजारच्या खोलीतून चुलता ओरडला, "काय सगळंच? ते कडवं मी जोडलंय!" चुलता साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, आणि त्याच्या फुशारक्या सगळ्या वस्तीला पाठ. कारखान्याचं धुराडं आपणच उभं केलं, असंही तो एकदा म्हणाला होता. "तो दोनच कडवी गाऊन बसला. म्हटलं, शाहीर, ह्यात गावाला काय सांगितलंसा? मग म्या जोडलं."

"तुला जोडता येतंय होय कडवं?" आत्या म्हणाली.

"मग कुणाला येतंय? तुला?"

आत्यानं सूप आपटलं आणि विषय मिटला. चुलत्यावर विश्वास ठेवायची सोय नव्हती. पण थापा मारणारा माणूस एखाद्या वेळी खरंही बोलत असेल, ही शंका काही केल्या जाईना.

काही वर्षं अशीच गेली. कॅसेटी मागं पडल्या, सीडी आल्या. अण्णांनी दुकानाचा अर्धा भाग मोबाइलवाल्याला दिला. दुसरा संच निघाला तेव्हा दोन हजार साल उलटून बराच काळ झाला होता. त्यात शेवटी एक मुद्रण होतं, मुरगूडच्या घरी केलेलं. म्हाताऱ्याचा कापरा आवाज, साथीला काहीच नाही. वेष्टणावर लिहिलं होतं, 'अप्रकाशित तिसऱ्या कडव्यासह.'

तो गात होता:

*जिची तहान, तिचं पाणी,*
*सांगून या गं गावाला.*

अण्णांनी सीडी थांबवली. "बाई, तुमी 'ज्याची' म्हणालता. व्हय का न्हाय?"

"हो. ज्याची तहान, त्याचं पाणी."

"मग उचललं त्यानं! तुमचं कडवं उचललं आन् दोन अक्षरं फिरवून आपलं केलं."

सरांना उलटंच दिसत होतं. "अहो, गाणं बायकांचं आहे. 'चला गं साऱ्या.' म्हणजे 'जिची' हेच बरोबर. तेच मूळ. वस्तीत म्हणता म्हणता त्याचं 'ज्याची' झालं. कडवं त्यांचंच होतं, बाईंनी नुसती आठवण करून दिली."

दोघांचंही बोलणं मला पटत होतं. सर बोलायला लागले की सरांचं, अण्णा बोलायला लागले की अण्णांचं. वाईट म्हणजे 'जिची' ऐकल्यावर मला 'ज्याची' ओबडधोबड वाटू लागलं. जन्मभर म्हटलेली ओळ, आणि आता ती म्हणताना जीभ अडखळायची. मुरगूडला मी नक्की काय म्हणाले होते? 'ज्याची'च ना? मी मामांना विचारलं. मामा छातीवर हात ठेवून म्हणाले, "जिची. मी या कानांनी ऐकलंय." आमच्या चौघांत खात्री असलेले तेवढे एकच, आणि त्यांना समोरच्या गाडीचा हॉर्नही ऐकू येत नसे.

तोवर सरांना इंटरनेटचा नाद लागला होता. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत बसून ते म्हाताऱ्याच्या चाहत्यांच्या एका मेल-ग्रुपवर वाचायचे, लिहायचे, आणि छापलेले कागद दुकानात घेऊन यायचे. अमेरिकेतली मराठी माणसं, पुण्यातली, नागपूरची. तिसऱ्या कडव्यावर त्यांचं रण माजलं होतं. एकाच्या मते कडवं बनावट. दुसऱ्याला त्यात मुरलेल्या कवीचा हात दिसत होता. तिसऱ्यानं लिहिलं होतं, वस्तीतल्या बायकांना अशी ओळ सुचेल असं वाटत नाही.

हे वाचल्यावर माझं डोकं तापलं. सरांना म्हटलं, मला लिहायचंय. ते मला कॅफेत घेऊन गेले. मराठी उमटेना, म्हणून मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहिलं. संच निघण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या वस्तीत हे कडवं आहे, मी लहानपणापासून ऐकलंय, एवढंच. दुसऱ्या रविवारी सरांनी उत्तरं आणली. एकानं आभार मानले होते. एकानं ध्वनिमुद्रणाचा पुरावा मागितला होता. आणि एकानं अगदी सभ्यपणे लिहिलं होतं, ताई, आठवण फार फसवी असते, आपण नंतर ऐकलेलंच आधी ऐकल्यासारखं वाटू शकतं. त्या वाक्याचा मला राग यायला हवा होता. पण मी घरी येऊन कितीतरी वेळ डोळे मिटून लहानपणीचा तो गोल आठवायचा प्रयत्न करत बसले. बायका दिसायच्या, आत्याचा हिरवा पदर दिसायचा. ओळ मात्र ऐकू येईना.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी एकटीच एसटीनं मुरगूडला गेले. ठरवूनच गेले होते की सरळ तोंडावर विचारायचं, आबा, हे कडवं तुमचं की आमचं? म्हातारा आता अंथरुणाला लागला होता. सूनबाई म्हणाल्या, माणसं ओळखत नाहीत, पण गाणं लावलं की बरं वाटतंय. उशाशी सीडी चालू होती. त्याचाच आवाज, घरी मुद्रित केलेला.

मी बाजूला बसले. गाणं संपलं तसा तो छताकडं बघत म्हणाला, "कोण गातोय?"

"तुम्हीच की, आबा," सूनबाई म्हणाल्या.

"मी?" त्यानं थोडा विचार केला. "चाल बरी हाय. त्ये शेवटचं कडवं तेवढं मागनं कुणी जोडल्यागत वाटतंय." मी खुर्चीत पुढं सरकले. "पर काढू नगा आता," तो म्हणाला. "बसलंय त्ये."

त्यानंतर त्याचा डोळा लागला. मी थोडा वेळ थांबले, सूनबाईंनी दिलेला चहा घेतला आणि निघाले.

दुकानात हे सांगितलं तर अण्णांनी गल्ल्यावर हात आपटला. "झालं! त्यानं कबूल केलं!" सर शांतपणे म्हणाले, "मुळीच नाही. स्वतःची जुनी ओळ प्रत्येक कवीला परकीच वाटते." मामांना सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. ऐकून ते म्हणाले, "म्हंजे ज्याची का जिची?"

पण त्याआधी, मुरगूडहून परतले त्याच संध्याकाळी, घरी आले तेव्हा आत्या दारातच बसली होती. आता तिला फारसं उठवत नसे.

"भेटला? कसा हाय?"

"थकलेत. झोपूनच असतात."

"माझी आठवण काढली?"

ती असं काही विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "शेवटचं कडवं चांगलं बसलंय म्हणाले."

"बसणारच की," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे काय? बसणारच." तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. "आत जा. दूध ठेवलंय गॅसवर, उतू जाईल."